जिताड्याची गळाने मासेमारी

जिताड्याची गळाने मासेमारी : पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांत व त्यांना मिळणाऱ्या नद्यांच्या खालच्या भागात आढळणारा जिताडा हा मोठा, हिंस्र व रुचकर मासा काठी, दोरी आणि गरी यांच्या साहाय्याने पकडण्याची कला. रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अलिबाग, पेण, रोहा व मुरुड या तालुक्यांच्या खाड्यांत ती परंपरेने चालत आली आहे. पावसाळा ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, ओहोटीच्या ओघात होडी सोडून देऊन काठाकाठाने गळ टाकीत जाणे हा तिचा सर्वांत रंगतदार प्रकार होय. जिवंत आमिषाऐवजी पिसे व केस यांची बनविलेली कृत्रिम ‘माशी’ वापरून जिताडा पकडण्याची पाश्चात्त्य पद्धत येथे अजून मोजक्या हौशी मंडळींपुरतीच मर्यादित आहे.

इंग्रजीत ‘बास’ या एकाच नावाखाली अनेक मासे मोडतात. उत्तर अमेरिकेतील नद्यांवर शरद ऋतूत होडीतून वाहत जाऊन माशीच्या गळाने पकडला जाणारा बास हा मायक्रोप्टेरस या गोड्या पाण्यातील प्रजातीचा आहे. त्याच्या शिकारीला तेथे केवढी प्रतिष्ठा आहे, हे जेम्स हेन्शल यांनी १८८१ मध्ये त्याच एका माशावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून कळते. यूरोपच्या किनाऱ्यावरील समुद्री बास आणखी वेगळा. जिताड्याला आशियाई समुद्री बास म्हणतात. मात्र या तिघांचे नाते जवळचे नाही. दबा धरून बसणे, मोठे तोंड एकाएकी उघडून भक्ष्य आत ओढणे आणि गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळ्या मारणे हे समान गुणच त्यांना एका नावाखाली आणतात.

जिताड्याचे शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर असे असून ब्लोख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० मध्ये त्याचे वर्णन केले. नावातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘आर धारण करणारा’ असा आहे. इराणच्या आखातापासून चीन, न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा प्रसार आहे. गोव्यात त्याला चोणक, बंगालमध्ये भेटकी, आंध्र प्रदेशात पंडुगप्पा, तर ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात. शरीर लांबट व दोन्ही बाजूंनी चपटे, डोक्याची वरची कड किंचित खोलगट आणि जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला असतो. पाठ हिरवट करडी किंवा तपकिरी व कुशी रुपेरी असतात. शेपटीची कड गोलसर असते. पाठीवरच्या पराच्या पुढील भागात ७ ते ९ बळकट काटे असतात. रात्री दिव्याच्या उजेडात डोळे तांबूस चमकतात. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अवयव म्हणजे कल्ल्यावरील झाकण. त्याची कड करवतीसारखी दातेरी व कोपऱ्यावर अणकुचीदार काटा असलेली असते. तिच्यावर घासली गेल्यास साधी दोरी क्षणात तुटते आणि बेसावध हातही कापला जातो. पूर्ण वाढलेला मासा क्वचित २ मी. लांब व ६० किग्रॅ. वजनाचा भरू शकतो. खाड्यांत नेहमी मिळणारे मासे याहून पुष्कळच लहान असतात.

या माशाचा जीवनक्रम खारे व गोडे अशा दोन्ही पाण्यांशी बांधलेला आहे. प्रजोत्पादन नदीमुखाजवळ, पुरेशा खाऱ्या पाण्यात, बहुधा पावसाळ्याच्या सुमारास व उधाणाच्या भरतीच्या दिवसांत होते. मोठी मादी लक्षावधी अंडी घालते. अंडी तरंगती, १ मिमी.हून लहान असून एका दिवसाच्या आत फुटतात. भरती डिंभांना खाडीत, तिवरांच्या मुळांत आणि पावसाच्या पाण्याने भरलेल्या खाजणांत आणून सोडते. तेथे वाढलेली पिले पुढे नदीच्या गोड्या पाण्यात चढतात आणि वयात आल्यावर प्रजोत्पादनासाठी पुन्हा खाली उतरतात. याहूनही विलक्षण बाब म्हणजे जवळजवळ सर्व जिताडे आधी नर असतात. तीन-चार वर्षांचा, सु. ६० सेंमी. लांबीचा मासा नर म्हणून वयात येतो. सहा ते आठ वर्षांचा होऊन त्याची लांबी ८५ ते १०० सेंमी. झाली की त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजे गळाला लागलेला मोठ्यात मोठा जिताडा ही बहुधा मादीच असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंमी.हून लहान मासा ठेवून घेण्यास जशी बंदी आहे, तशीच १२० सेंमी.हून मोठा मासा ठेवण्यासही आहे, ती याच कारणासाठी.

अलिबागच्या आसपासचा प्रदेश या माशाला जणू मापून घेतलेला आहे. उत्तरेस रेवस व करंजा यांच्या दरम्यान धरमतरची खाडी मुंबई बंदराच्या पाण्यात उघडते. सह्याद्रीत बोरघाटाच्या बाजूस उगम पावून पाली व नागोठणे यांवरून येणारी अंबा नदी तीत उतरते. पाताळगंगा व भोगावती यांचे पाणीही तिला मिळते. अंबेत भरतीचे पाणी नागोठण्यापर्यंत चढते. पूर्वी गलबते तेथवर जात, ती याच पाण्यावर. दक्षिणेस कुंडलिका नदी रोह्यावरून येऊन रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तिचे एक वैशिष्ट्य नोंदण्याजोगे आहे. मुळशी धरणात अडविलेले कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी १९२७ पासून भिरा येथील जलविद्युत् केंद्रातून पश्चिमेकडे सोडले जाते. त्यामुळे कोकणातील इतर नद्या दिवाळीनंतर सुकू लागल्या, तरी कुंडलिका वाहती राहते व खाडीला गोडे पाणी मिळत राहते. कोलाडजवळ फुगीर रबरी होड्यांतून केला जाणारा वेगवान प्रवाहातील नौकाविहारही याच पाण्यावर चालतो. जिताड्याचे पाणी मात्र त्याच्या पुष्कळ खाली, जेथे नदी संथ होऊन भरती-ओहोटी मानू लागते तेथे, सुरू होते. कुंडलिकेच्या या भागात औद्योगिक सांडपाणी मिसळत असल्याने तेथील मासेमारीस बराच उणेपणा आला आहे.

शरद ऋतूचे महत्त्व पाण्याच्या हालचालीत आहे. अमेरिकन बास थंडीच्या चाहुलीने खादाड होतो; जिताड्याला थंडीचा संबंध नाही, उलट पाणी गार झाले की तो मंदावतो. कोकणात २,००० मिमी.हून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो. भरपावसात नद्या गढूळ व वेगवान असतात. खाडीचे वरचे टोक गोडे होऊन जाते. आश्विनात पाऊस थांबतो, भात पिवळे पडू लागते आणि शेतांत साठलेले पाणी ओहोळांतून व बांधांच्या दारांतून खाडीत निघू लागते. त्याबरोबर पावसाळाभर शेतांत वाढलेली कोळंबी, लहान बोय व इतर मासळी खाली येते. प्रत्येक ओहोळाच्या मुखाशी, निवळ गोड्या पाण्याची धार खाडीच्या मातकट पाण्यात जेथे मिसळते त्या रेषेवर, जिताडा तोंड वर करून उभा राहतो. उत्तर ऑस्ट्रेलियात हीच स्थिती तिकडचा पावसाळा संपताना, मार्च-एप्रिलच्या सुमारास, येते व तेथील बारामुंडीच्या शिकारीचा तो ऐन हंगाम असतो. कोकणात हा काळ सप्टेंबरच्या अखेरीपासून साधारणपणे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा.

हंगामाइतकेच महत्त्व तिथीला आहे. या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा आडाखा रूढ आहे : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची घटिका घड्याळाच्या तासांत मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, याप्रमाणे, त्यानंतर सु. सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा व अमावास्या यांच्या मागेपुढे उधाण असते. त्या वेळी पाण्याची पातळी ४ ते ५ मी.पर्यंत वरखाली होते, प्रवाह जोराचा असतो व तळाचा चिखल ढवळून निघतो. असे पाणी जाळ्यांना मानवते. परंतु डोळ्यांनी भक्ष्य हेरणाऱ्या माशासाठी टाकलेल्या गळाला मानवत नाही. अष्टमीच्या आसपासच्या दिवसांना कोळी ‘भांग’ म्हणतात. तेव्हा चढउतार कमी व पाणी त्यामानाने निवळ असते. शिवाय सप्तमी-अष्टमीला भरती पहाटे पाच-सहाच्या सुमारास संपते आणि सकाळभर ओहोटी मिळते. उन्हे चढण्यापूर्वीचा मंद उजेड व उतरते पाणी यांचा हा योग जिताड्यासाठी उत्तम समजला पाहिजे.

स्थानिक पद्धतीत साधने थोडकी असतात. बांबूची काठी किंवा नुसती हातदोरी, तंगूस (एकपदरी नायलॉन दोरी), शिशाचे वजन आणि मोठी गरी एवढ्यावर काम भागते. आमिष शक्यतो जिवंत लावतात. लहान बोय, कोळंबी व चिखलात उड्या मारणारे निवटे ही जिताड्याची आवडती खाद्ये होत. आमिष पाठीच्या कातडीत हलकेच टोचतात, म्हणजे ते पोहत राहते. निर्जीव आमिषाकडे जिताडा सहसा दुर्लक्ष करतो. खाडीतील मुख्य मासेमारी अर्थातच जाळ्यांची आहे. प्रवाहाच्या तोंडी बांधलेली डोल, तिचाच लहान प्रकार असलेली बोकशी आणि हाताने फेकावयाचा पाग यांच्या तुलनेने गळाचे उत्पन्न नगण्य असते. मात्र गळाने पकडलेला मासा जाळ्यात गुदमरलेला नसतो व लहान निघाल्यास जिवंत परत सोडता येतो, हा फरक लहान नव्हे.

गळ ही करमणूक म्हणून दक्षिणेत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांना कोणते खाद्य घालावे आणि गळाची सामग्री कशी असावी, याचे तपशीलवार विवेचन आहे. कृत्रिम माशीचा उगम मात्र यूरोपातील. लाल लोकर व कोंबड्याची पिसे गरीला बांधून मॅसिडोनियातील लोक मासे पकडतात, असे ईलियन या लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे. ब्रिटिश अमदानीत ही कला भारतात आली, एच. एस. टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर लिहिलेला ग्रंथ बराच काळ प्रमाण मानला जात होता.

माशीच्या गळाचे तत्त्व साध्या गळाच्या उलट आहे. साध्या गळात शिशाचे वजन पुढे जाते व दोरीला ओढून नेते. माशीला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे दोरीच जाड व जड केलेली असते आणि सु. २·७ मी. लांबीची लवचिक काठी पुढेमागे हलवून त्या दोरीचा पल्ला वाढवीत नेतात. दोरी हवेत उलगडते व तिच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. पहाडी नद्यांतील ट्राउट माशासाठी ही माशी खरोखरच एखाद्या कीटकाची नक्कल असते. जिताडा कीटक खात नाही; त्यामुळे त्याच्यासाठीची ‘माशी’ ही ७ ते १२ सेंमी. लांबीची, हरणाच्या शेपटीचे केस व पांढरी पिसे यांची केलेली लहान माशाची प्रतिकृती असते. मराठीत येथे माशी आणि मासा यांचा घोटाळा होतो खरा, पण जिताड्याचा तसा तो होत नाही. दोरीच्या शेवटच्या हातभर भागाला सु. १५ ते २० किग्रॅ. ताण सोसणारी जाड तंगूस जोडणे आवश्यक असते. कल्ल्याच्या दातेरी कडेपुढे त्याहून बारीक दोरी टिकत नाही.

होडी भरतीच्या अखेरीस खाडीच्या वरच्या भागात नेतात आणि पाणी उतरू लागताच सोडून देतात. इंजिन बंद ठेवतात. एक जण वल्ह्याने होडीचे तोंड सावरतो व काठापासून १५–२० मी. अंतर राखतो. गळ टाकणाऱ्याने पाहावयाची स्थळे ठरलेली असतात : ओहोळांची मुखे, पडलेली खोडे, जुन्या धक्क्यांचे दगड, कांदळांची पाण्यात उतरलेली मुळे आणि वळणावरच्या डोहांच्या कडा. माशी या आडोशाच्या अगदी लगत, वीतभर अंतरावर पडावी लागते. जिताडा भक्ष्याचा पाठलाग फारसा करीत नाही. माशी पडल्यावर ती क्षणभर बुडू द्यावी, मग दोरीला दोन-तीन आखूड हिसके देऊन थांबावे; झडप बहुधा या थांबण्याच्या क्षणी येते. तोंड एकाएकी उघडून भक्ष्य पाण्यासह आत ओढल्यामुळे ‘भप्’ असा पोकळ आवाज होतो. तो ऐकून अननुभवी माणूस काठी वर उचलतो आणि माशी तोंडातून निघून येते. योग्य रीत म्हणजे काठी पाण्याकडे रोखून धरून हाताने दोरी घट्ट ओढावी, म्हणजे गरी कठीण टाळूत रुतते.

यानंतरची पहिली धाव आडोशाकडे असते. तेथे मासा मुळांत शिरला तर दोरी गेलीच. त्याला मोकळ्या पाण्यात वळविता आले, की तो दोन-चारदा पूर्ण अंगाने पाण्याबाहेर उसळतो व डोके झटकतो. त्या वेळी काठी खाली करून दोरीवरील ताण किंचित सैल करतात. मासा सोडावयाचा असल्यास गरीचा उलटा काटा आधीच दाबून टाकलेला बरा. त्याला कल्ल्यात हात घालून अथवा जबड्याला धरून उभा उचलू नये. ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्यावा व प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत धरावे. ओहोटी अर्धी सरली की चिखलाचे पट्टे उघडे पडू लागतात आणि होडी मुख्य पात्रात आणावी लागते. धरमतरकडे येताना मालवाहू बार्जची ये-जा असते. तेथे होडी वाहती ठेवणे धोक्याचे आहे.

अलिबाग व पेण तालुक्यांतील खारेपाट भागात जिताड्याला आणखी एक घर आहे. खाडीच्या बांधांआड वसलेल्या, गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या गावांत घरोघरी पावसाचे पाणी साठविण्याची तळी असतात. शहापूरसारखी गावे त्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात खाडीच्या काठी व खाजणांत पाग टाकून जिताड्याची पिले पकडावयाची व तळ्यात सोडावयाची, ही येथील जुनी रीत. पिले एकमेकांना गिळतात, आपल्या निम्म्याहून अधिक लांबीच्या भावंडालाही सोडीत नाहीत. म्हणून सारख्या आकाराची निवडून घ्यावी लागतात. तळ्यातील लहान मासळीवर ती वर्षभरात सु. एक किग्रॅ. व दोन वर्षांत दोन-तीन किग्रॅ. भरतात. लग्नकार्य, पाहुणा अथवा अडीअडचण आली, की मासा काढतात. कालवणासाठी व तळलेल्या तुकड्यांसाठी या भागात जिताड्याएवढा मान दुसऱ्या माशाला नाही, आणि भेट म्हणूनही तो मानाचा समजला जातो. परंतु तळ्यात तो वाढतो, वंश वाढवीत नाही. तळ्यातील प्रत्येक जिताडा हा खाडीने दिलेला असतो.

खाडीची ही देणगी आटत चालली आहे. तिची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एकाचा अलिबागशी विशेष संबंध आहे. खारेपाटातील भातशेती खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळविलेली आहे. बांधात ठिकठिकाणी ‘उघाडी’ नावाची दारे असतात. भरतीच्या दाबाने उघाडीची झडप मिटते व ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडते. पूर्वी ही व्यवस्था गावकरी सामुदायिक श्रमाने राखीत; १९४८ चा मुंबई खारभूमी कायदा व त्यानंतरचा १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांनी ती हळूहळू शासनाकडे आली. झडप चांगली चालली, तर भात वाचते. पण भरतीबरोबर आत येऊ पाहणारे जिताड्याचे पिलू बाहेरच राहते. झडप बिघडली वा बांध फुटला, तर पिलांना वाट मिळते आणि शेत खारे होते. धरमतर खाडीकाठच्या अनेक गावांत बांध फुटून पिकती शेते बुडाली व त्यांवर तिवरांची झाडी उभी राहिली. खारफुटी तोडण्यास २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रतिबंध असल्याने अशी जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे शेतकऱ्याला अवघड झाले आहे. माशांच्या दृष्टीने ती झाडी उत्तम रोपवाटिका होय. ज्याचे शेत तिच्याखाली गेले त्याला हे सांगून उपयोग नाही.

पिलांच्या तुटवड्यावर कृत्रिम प्रजननाचा उपाय निघाला आहे. थायलंडमध्ये सोंगख्ला येथे १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी व भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेत १९९७ मध्ये जिताड्याचे नियंत्रित प्रजनन साधले. अशा केंद्रांतील बीजावर तळी भरता येतात. त्यामुळे खाडीतील पिलांवरचा भार हलका होतो, पण खाडी भरून निघत नाही. ऑस्ट्रेलियात काही नद्यांवरील अशाच झडपांना लहान खिडक्या ठेवून भरतीचे थोडे पाणी व त्याबरोबर पिले आत घेण्याची व्यवस्था करण्यात आली आहे. खारेपाटात ती करावयाची, तर पिले येण्याचा काळ व भाताची लावणी हे दोन्ही पावसाळ्यातच पडतात, ही खरी अडचण आहे. श्रावणात मुसळधार पावसाने शेते व ओहोळ गोड्या पाण्याने तुडुंब असतात. थोड्या खाऱ्या पाण्याचा उपसर्ग भाताला कमीत कमी होईल तो हाच पंधरवडा-तीन आठवड्यांचा अवधी. खिडकी किती उघडावी व केव्हा मिटावी, हे उघाडी राखणाऱ्याला तिथी व पाऊस पाहूनच ठरवावे लागेल.